निंबा मिस्त्रीचा तळहात

निंबा मिस्त्रीला ऐकू कमी येतं, हे सुरतच्या लिंबायतमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याच्या बोटांना काही लागत नाही, हे मात्र बरेच दिवस फक्त मला माहीत होतं. आणि मी गप्प बसलो. माझी चूक एवढीच, पण तेवढी पुरली.

मी हेमराज. निंबाच्या गॅरेजला लागून माझं रिक्षाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मधे पत्र्याची एक भिंत, तीही अर्धी गंजलेली. आम्ही दोघे पारोळ्याकडचे, वीस वर्षांचे शेजारी. भांडणं म्हणाल तर रोजची. त्याने माझा पाना नेला की तो परत येईल ही आशा सोडायची.

गॅरेज टाकण्याआधी निंबा चौदा वर्षं कापडाच्या लूमवर होता. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माणूस माणसाशी ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलतो, आवाज कुठे पोचतोय? तिथेच त्याचे कान गेले. पण तिथेच त्याला दुसरी एक गोष्ट मिळाली. लूमवाल्याचं बोट तुटलेला धागा आधी शोधतं, डोळे मागाहून पोचतात. आठ लूम सांभाळणारा माणूस बघत बसला तर मेलाच. निंबाने ती सवय इंजिनात आणली. इंजिन चालू करायचं, वर तळहात ठेवायचा, डोळे भलतीकडेच. "वॉल गया," म्हणायचा. उघडून बघावं तर खरंच व्हॉल्व्ह गेलेला असायचा. आतले बारीक भागही तो न बघता, चिमटीनेच बसवायचा. मी म्हणायचो, अरे बघ तरी बाबा. तो हसायचा. "बघाना काय शे त्यामा?"

आता शर्यतीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

चलथाणच्या बाजूला एक मैदान आहे. उसाच्या हंगामात तिथे बैलगाड्या आणि ट्रक उभे राहतात, उन्हाळ्यात ते मोकळंच. तिथे आमच्याकडचे रिक्षावाले आणि मिस्त्री मिळून सात-आठ वर्षांपासून शर्यत लावतात. सगळ्या रिक्षा सीएनजीवर गेल्या आणि पेट्रोलची जुनी इंजिनं भंगारात पडली, तीच इंजिनं घ्यायची. पाइपाचा सांगाडा, एक माणूस बसेल एवढी सीट, चार उघडी चाकं. ना छप्पर ना पत्रा. अंड्यासारखा लांबट गोल रस्ता, कडेला जुने टायर, धूळ बसावी म्हणून टँकरचं पाणी. चाळीस फेऱ्या. वळायचं फक्त डावीकडे. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, यात काय मजा? पाच फेऱ्यांनंतर तोच टायरवर चढून बोंबलत असतो.

पहिल्या वर्षी ज्याला जे जमलं ते इंजिन त्याने बसवलं होतं. उधन्याचा एकजण मोठ्या मोटरसायकलचं घेऊन आला, सगळ्यांच्या पुढे अर्धा फेरा निघून गेला आणि वळणावर बांधात घुसला. मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर शर्यत लावणाऱ्या मंडळाने ठरवलं, सगळी इंजिनं सारखी, आणि सारखी म्हणजे सारखी कमजोर. हवा आत जाते त्या नळीत पितळी चकती टाकायची. पोस्टकार्डाएवढी पातळ, मधे भोक. इंजिन तेवढ्याच भोकातून श्वास घेणार. काटा पासष्टच्या वर जाणारच नाही. म्हणजे मग जिंकायचं कसं? डोक्याने. वळणावर पाय उचलायचा नाही, कारण एकदा वेग पडला तर तो परत यायला अर्धा फेरा जातो. पुढच्याच्या मागे चिकटून राहायचं, वारा त्याला खाऊ द्यायचा, आणि शेवटी बाहेर पडून पुढे काढायची.

या चकत्या कापायचा निंबा. बसवायचा निंबा. आणि शर्यतीच्या सकाळी आठही इंजिनं ओळीने चालू करून एकेकावर तळहात ठेवून "सारखंच शे" म्हणायचाही निंबाच. आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. गुजराती, भय्ये, मराठवाड्याचे, सगळे तेवढ्यापुरते अहिराणी व्हायचे. निंबाने 'सारखंच शे' म्हटलं की संपलं. पुढे कोणी तोंड उघडायचं नाही.

त्यानंतर चिठ्ठ्या. ज्याच्या नशिबी जे इंजिन ते त्याने आपल्या गाडीला लावायचं. आणि शर्यत संपली की शेवटचा रिवाज. पहिल्या आणि दुसऱ्या गाडीची चकती सगळ्यांसमोर काढायची आणि दुसऱ्या आलेल्याच्या हातावर ठेवायची. जिंकलेल्याच्या नाही, हरलेल्याच्या. त्याने बघायचं, आणि "सारखंच शे" म्हणायचं. तो म्हणाला तरच निकाल. नाही म्हणाला आणि तसं निघालं, तर शर्यत तिथल्या तिथे पुन्हा. सात वर्षांत कोणी नाही म्हटलं नव्हतं.

निंबाची धाकटी धनश्री तीन वर्षांपासून गाडी चालवते. गोडादऱ्याला एका युनिटमध्ये साडीला लेस लावायच्या मशीनवर बसते, आणि सुट्टीच्या दिवशी हे. गाडीत बसली की ही पोरगी वेगळीच. वळणावर सगळ्यांचा पाय क्षणभर तरी ढिला पडतो, हिचा नाही. मागच्या वर्षी दुसरी आली, त्याच्या आधी तिसरी.

ती शर्यतीत उतरली तेव्हा निंबाने आपणहून एक नियम घातला. "मनी पोर चिठ्ठी उचलाव नही. सात जणांनी उचली का उरेल तिनं." शेवटी उरेल ते इंजिन तिचं, म्हणजे बापाने पोरीला चांगलं दिलं, असं कोणी म्हणायला नको. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला होता. आता वाटत नाही.

या वर्षीची गोष्ट निराळी होती. दक्षिणेकडच्या एका टीमचे साहेब शर्यत बघायला येणार होते. खरोखरच्या शर्यतीच्या गाड्या चालवायला शिकवणारे. सहा महिने राहणं-खाणं त्यांचं. पण घेणार एकालाच, जो जिंकेल त्याला, आणि वय एकविसाच्या आत हवं. धनश्रीला आषाढात बाविसावं लागणार होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे तिलाही माहीत होतं, निंबालाही. घरात शोभाबाईने, म्हणजे तिच्या आईने, बॅगसुद्धा धुऊन वाळत घातली होती. बॅग धुतलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

निंबाच्या हाताचं मला आधीच्या वर्षी कळलं. चहा आला होता, काचेच्या ग्लासात, असा उकळता की मी रुमालात धरला. निंबाने ग्लास मुठीत धरला आणि गप्पा मारत बसला. मी म्हटलं, भाजत नाही का रे? तो म्हणाला, "थंडा शे." मग मी लक्ष ठेवायला लागलो. त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं नेहमी उघडी. उकडतं म्हणायचा. खाली पडलेला नट उचलताना त्याची बोटं दोनदा घसरायची. मशीनवर कातडी सोलली तरी रक्त बघूनच त्याला कळायचं. साखर आहे त्याला, गोळ्या आठवण आली तर घेतो. डॉक्टरने काय सांगितलं ते त्याने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

का नाही विचारलं? खरं सांगू? भीती वाटली. निंबाचा हात गेला असं कळलं तर दुसऱ्या कोणाच्या 'सारखंच शे'वर हे लोक विश्वास ठेवणार होते? शर्यतच बंद पडली असती. आणि निंबाकडे दुसरं होतं काय? कान लूमने नेले. उरला होता तो तळहात. मी म्हटलं, चाललंय तर चालू दे. असा मी शहाणा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून चकत्या बसवल्या. नऊ कापल्या होत्या, आठ आणि एक सुटी. तंबाखूच्या डबीत तेल टाकून एकावर एक ठेवलेल्या. चिमटीने एक उचलायचा, नळीत टाकायचा, डोळे रस्त्यावर. मी गिऱ्हाइकाला ब्रेकची केबल दाखवत होतो. माझं लक्ष होतं आणि नव्हतं.

सकाळी आठ इंजिनं ओळीने चालू झाली. निंबा एकेकाजवळ गेला, तळहात ठेवला. पहिलं, सारखंच शे. दुसरं, सारखंच शे. आठवं, सारखंच शे. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला. चिठ्ठ्या झाल्या. उरलेलं इंजिन धनश्रीने आपल्या गाडीला लावलं आणि दोन फेऱ्या मारून आली. मी पाण्याची बाटली घेऊन तिथेच होतो.

"आबा, हाई इंजिन वढत नही," ती म्हणाली.

निंबाने इंजिनावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यावर काहीच नव्हतं.

"सारखंच शे," तो म्हणाला. "तुनं मन वढत नही. घाबरू नको."

ती माझ्याकडे वळली. "काका?"

आता बोलायला हवं होतं. हीच वेळ होती. मी म्हटलं, "बाप म्हणतोय ना, मग असेल." आणि बाटली पुढे केली. तिने पाणी प्यायलं आणि हेल्मेट घातलं.

शर्यतीत ती चौथ्या फेरीला दुसरी आली आणि गोडादऱ्याच्या संदीपच्या मागे चिकटून बसली. संदीप चांगला पोरगा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तीस-पस्तीस फेऱ्या त्या दोघांत हातभराचंही अंतर नव्हतं. लोक म्हणत होते, बघा, इंजिन सारखं नसतं तर चिकटली असती का? त्यांना कोण सांगणार, की पुढच्याच्या आडोशाला कमजोर गाडीही पळते. वारा लागतो तेव्हाच खरं काय ते कळतं. छत्तिसाव्या फेरीला तिने गाडी बाहेर काढली. बरोबरीला आली, आणि तिथेच थांबल्यासारखी झाली. हळूहळू मागे सरकली. पुन्हा आडोशाला गेली. अडतिसाव्या फेरीला पुन्हा काढली, पुन्हा तेच. चाळिसाव्याला वळणावरच काढली, इतकी कडेला की मागचं चाक टायरला घासलं. पाय तिने उचलला नव्हता, मी कडेलाच उभा होतो, मला आवाज येत होता. अर्ध्या गाडीने हरली.

लोक धावले. संदीपला उचललं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धनश्री गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं, आणि उभी राहिली. रडली नाही. मला वाटलं रडेल, पण तिचा चेहरा नुसता धुळीचा होता.

मग रिवाज. मंडळाचे लोक गोल करून उभे राहिले. निंबाने संदीपच्या गाडीची नळी खोलली, चकती काढली, धनश्रीच्या डाव्या हातावर ठेवली. मग तिच्या स्वतःच्या गाडीची. चिमटीने काढली, डोळे साहेबांकडे, आणि तिच्या उजव्या हातावर ठेवली.

मी तिच्या अगदी बाजूला होतो, पाना धरून. तिने उजव्या हाताचा अंगठा चकतीवर फिरवला. कड सरकली. तेलाने चिकटलेल्या दोन चकत्या होत्या. एकीवर एक, आणि भोकं एकमेकांवरून अशी सरकलेली की मधे जेमतेम दोन तृतीयांश वाट उरलेली. हाताने पाडलेलं भोक कधी नेमकं मधोमध येतं का? एक चकती असली तर काही फरक पडत नाही, दोन झाल्या की गळा आवळल्यासारखं.

तिने ते बघितलं. मीही बघितलं. मग तिने बापाकडे बघितलं. निंबा ताठ उभा होता, डबी हातात, सात वर्षं उभा राहायचा तसाच. वाट बघत होता.

"चालो, बोलो बेन," मंडळाचा एकजण म्हणाला.

एक शब्द पुरला असता. 'दोन' एवढा. तिथल्या तिथे शर्यत पुन्हा झाली असती आणि त्या पोरीने संदीपला पाच गाड्यांनी मागे टाकलं असतं, हे मी माझ्या दुकानाची चावी गहाण ठेवून सांगतो. आणि त्याच क्षणी सगळ्यांना निंबाच्या हाताचं कळलं असतं.

तिने मूठ बंद केली. "सारखंच शे," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या. निंबाने डबी पुढे केली. तिने डाव्या हातातली चकती डबीत टाकली. उजवी मूठ न उघडता म्हणाली, "हाई मी ठेवस, आबा. आठवण." निंबा हसला. गर्दी संदीपकडे सरकल्यावर तिने माझ्या शर्टाच्या खिशात त्या दोन चकत्या टाकल्या. "काका, ठेवा. आबांना देऊ नका." ती माझ्याशी नेहमी गुजराती-मराठी मिसळून बोलते, पण ते नीट मराठीत बोलली. मी मान हलवली. मला काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मला तहान लागली होती एवढंच आठवतं.

परत येताना माझ्याच रिक्षात आम्ही तिघे. निंबा पूर्ण रस्ता बोलत होता. ऐकू न येणारा माणूस जोरात बोलतो.

"तू घाबरनी. बाहेर काढी का पाय उचलस तू. तीन डाव काढी, तीन डाव उचला. इंजिन तर सारखंच व्हतं."

"हं, आबा."

"हिंमत पाहिजे, हिंमत!"

"हं, आबा."

मी ब्रेक एवढ्या जोरात मारला की निंबाचं डोकं दांडीवर आपटलं. "नीट चालाव ना," तो ओरडला. मी म्हटलं, खड्डा होता. रस्ता आरशासारखा होता.

पुढचा दीड महिना हेच. चहाला आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, पोरगी गुणी आहे पण ऐन वेळी कच खाते. संदीप बॅग घेऊन दक्षिणेत गेला. धनश्री लेसच्या मशीनवर गेली, यायची, डबा घासायची, झोपायची. मैदानाकडे फिरकली नाही. शोभाबाई एकदा दुकानात येऊन म्हणाली, "भाऊ, पोर जेवते, बोलते, सगळं करते. पण घरात असल्यासारखी वाटत नाही." मी म्हटलं, होईल ठीक. दुसरं काय म्हणणार होतो?

मग एका दुपारी निंबा ती तंबाखूची डबी घेऊन माझ्या काउंटरवर आला. वर्षभरासाठी चकत्या धुऊन ठेवायच्या होत्या. सगळ्या गाड्यांच्या काढून त्याने डबीत जमा केल्या होत्या. त्याने डबी उलटी केली. तेलाचा चिकट गठ्ठा पडला.

"मोज," तो म्हणाला. "माले जरा... चष्मा घरी राहिना."

निंबाला चष्माच नाही. मी एकेक सोडवून काउंटरवर मांडल्या. सात.

"आठ पाहिजेत. नऊ कापल्यात. एक पोरीकडं शे."

"सात आहेत."

"पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजल्या. निंबा माझ्या बोटांकडे बघत होता. मग त्याने बघणं सोडलं. मला कळलं की त्याला कळलंय. मी गल्ल्याच्या खालचा खण उघडला आणि त्या दोन चकत्या सातांच्या शेजारी ठेवल्या. नऊ झाल्या.

"तिना इंजिनमा?" त्याने विचारलं.

"हो."

"तिले माहीत व्हतं?"

"तिच्याच हातावर ठेवलंस ना तू."

"आणि तुले?"

मी म्हटलं, "मला तुझ्या हाताचं वर्षभरापासून माहीत होतं." मला वाटलं तो शिवी देईल. द्यायला हवी होती. मी त्यासाठी तयार उभा होतो. त्याने फक्त त्या दोन चकत्या उचलल्या, चिमटीत धरल्या आणि घासत राहिला. एक खाली पडली, तेही त्याला कळलं नाही. तो उरलेलीच घासत होता.

"माले काहीच कळत नही रे, हेमराज," तो म्हणाला.

मग त्याला एकदम आठवलं. "त्या साहेबले फोन कर. मी सांगस. मनी चूक व्हती म्हणीसन सांगस."

"निंबा, तिला बाविसावं लागलं. मागच्या मंगळवारी."

तो उभाच राहिला. शटरची वेळ झाली तरी उभा होता. मी त्याला घरापर्यंत सोडलं.

मंडळाला त्याने कळवलं की पुढच्या वर्षापासून तो इंजिनं बघणार नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला. लोकांनी समजूत घातली, हार आणला, त्याने हार घेतला आणि गॅरेजच्या खिळ्याला टांगला. गॅरेज चालू आहे. आता तो इंजिन उघडून, वाकून, डोळ्यांनी बघतो. जो भाग पाच मिनिटांत बसायचा त्याला अर्धा तास लागतो. गिऱ्हाइक कुरकुरतं. मी त्या गिऱ्हाइकांना माझ्या परीने शिव्या देतो.

परवा रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो होतो, पाना मागायला. गोडादऱ्यातली दहा बाय बाराची खोली. शोभाबाई भाकरी टाकत होती. धनश्रीला युनिटमध्ये जादा काम होतं, ती निघायच्या घाईत. निंबा दारात शर्ट घालून उभा, आणि ती त्याची बटणं लावत होती. खालून वर, एकेक. केव्हापासून लावते, कोणी कोणाला काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. निंबा भिंतीकडे बघत होता.

"धना," तो म्हणाला, त्याच्या त्या मोठ्या आवाजात, "गाडी तुनी चांगली चालाडी व्हती. पाय उचला नव्हता तू."

तिचा हात तिसऱ्या बटणावर थांबला. शोभाबाईने तव्यावरून मान वर केली. मी चपलेकडे बघत राहिलो.

मग तिने तिसरं लावलं, चौथं लावलं, वरची दोनही लावली, कॉलर सरळ केली, आणि डबा घेऊन कामाला गेली.